नक्षत्रे पंचांगात की आकाशात?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि बाहेर पावसाची झड लागली होती. ‘मृग लागला’ या शब्दप्रयोगाचा अर्थ आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने समजावून देत होतो. इतक्यात पाठीमागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, मग तो मृग आज रात्री दिसेल का?” आम्ही बेधडक सांगितले, “पाऊस थांबला, तर अवश्य दिसेल.”

उत्तर साफ चुकीचे होते. सायंकाळी एका विज्ञानशिक्षक मित्राने ते दाखवून दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग लागतो, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. साहजिकच ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवते, सूर्याबरोबर मावळते आणि त्याच्या तेजात लपून राहते. ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, नेमक्या त्याच दिवसांत मृग आकाशात दिसत नाही! सत्तावीस नक्षत्रांची नावे आम्हांला शाळेपासून तोंडपाठ होती. परंतु त्यांपैकी चार नक्षत्रेही ओळखून दाखविता आली नसती. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. पण ही सबब पुरेशी नव्हे. आकाश काही विज्ञानशाखेपुरते राखून ठेवलेले नाही.

आमची मातृभाषा कोकणी. आमच्या घरी आकाशातील कोणत्याही चांदणीला ‘नखेत्र’च म्हणत. मराठीत तो शब्द अधिक काटेकोर झाला: चंद्राच्या वाटेचे सत्तावीस भाग, ती सत्तावीस नक्षत्रे. ही वाट ३६० अंशांची. तिचे सत्तावीस भाग केले, की प्रत्येकाच्या वाट्यास तेरा अंशांहून किंचित अधिक येतात, आणि चंद्रही तारकांमधून दिवसाला सुमारे तेवढाच पूर्वेकडे सरकतो. रोज एका नव्या घरी मुक्काम! हे पडताळून पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. हात ताठ पुढे करून मूठ मिटली, की ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. आज चंद्राजवळची एखादी ठळक तारका हेरून ठेवावी आणि उद्या त्याच वेळी मुठीने अंतर मोजावे. आपल्या महिन्यांची नावेही याच निरीक्षणातून आली. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी तो कार्तिक, मृगशीर्षापाशी तो मार्गशीर्ष, मघांपाशी तो माघ, चित्रेपाशी तो चैत्र. आम्ही ही नावे बालपणापासून घेत आलो. मात्र त्यांचा आकाशाशी संबंध आम्हांला तिशी उलटल्यावर कळला, हे सांगताना संकोच वाटतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्या सायंकाळी शाळेच्या सभागृहात आम्ही सर्व जण पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. टाळ्या झाल्या, जयघोष झाला, कित्येकांचे डोळे पाणावले. सभागृहातून बाहेर पडताना एका लहान मुलीने ढगांच्या फटीकडे बोट दाखविले. तेथे जवळजवळ अर्धा चंद्र होता. आमच्यापैकी एकासही तोवर बाहेर येऊन वर पाहण्याची बुद्धी झाली नव्हती! वस्तुतः त्या दिवसाची निवड चंद्रावरील उजेड पाहूनच झाली होती. यानाची उपकरणे सूर्यप्रकाशावर चालणारी. म्हणून उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ होत असेल, असा दिवस ठरविण्यात आला. तेथील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांइतका असल्याने कामास तेवढा अवधी मिळाला. शुक्ल पक्षातील चंद्रावर उजेड-अंधाराची जी सीमा दिसते, तीच तेथील पहाट. हे ज्याने अंगणातून पाहिले आहे, त्याला यान त्याच दिवशी का उतरविले हे निराळे शिकवावे लागत नाही.

शाळेने एक दुर्बीण विकत घ्यावी, अशी सूचना पालकांच्या सभेत पुढे आली आहे. आमचा तिला विरोध नाही. पण दुर्बीण नंतर, डोळे आधी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो. कोठे पाहावयाचे हे पाहणाऱ्यास आधी ठाऊक असावे लागते. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले. परंतु गुरू कोठे आहे, हे काही त्याला दुर्बिणीने सांगितले नव्हते. तेव्हा कार्तिकापासून चैत्रापर्यंत महिन्यातून एक रात्र मैदानावरील सगळे दिवे मालवून आकाशाचा वर्ग भरवावा. मुलामुलींना रात्री कसे पाठवावे, ही पालकांची अडचण आम्ही जाणतो. त्यांनीही सोबत यावे. चटया आम्ही अंथरू. परीक्षेत याचे गुण किती, असेही कोणी विचारील. एकही नाही! शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांनी आकाशावर ‘ज्योतिर्विलास’ हा मराठी ग्रंथ लिहिला आणि त्याला दुसरे नाव दिले ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे, शाळेच्या एका तासिकेहून थोडी अधिक. एवढा वेळ आम्ही मागत आहोत.

विद्यार्थिमित्रांनो, फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि मान बरीच वर करा. एका ओळीत तीन तारका दिसतील. तो मृगाच्या अंगात रुतलेला बाण. त्या ओळीवरून डावीकडे खाली आलात, की सर्वांत तेजस्वी तारा भेटेल, तो व्याध. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. दहावीचे विद्यार्थी पहिली-दुसरीत होते, तेव्हा निघालेला तो किरण. त्याच ओळीने उलट दिशेस गेल्यावर तांबूस रोहिणी लागते आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा इवलासा झुबका. रोहिणीचा प्रकाश सुमारे ६५ वर्षांच्या वाटचालीनंतर येथे येतो. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा किरण निघाला, तो गोवा मुक्त झाला त्या १९६१ सालाच्या आगेमागे. घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांनाही अंगणात बोलवा आणि त्या वर्षी ते कोठे होते, ते विचारा. ते सांगत असतील तोवर पडवीतला दिवा मात्र मालवून ठेवा.