चेटकीण ठरवते कोण?

करणी-भानामतीचा विषय निघाला की वाशिम काय, अकोला काय, शिकल्यासवरल्या मंडळींचे म्हणणे ठरलेले असते. हा सगळा अडाणीपणा, गावात शाळा रुजली की आपोआप जाईल. शिवाय बायांना चेटकीण म्हणून मारणे इंग्रजांनीच बंद पाडले. आता उरलाय भगताचा लिंबू-उतारा, त्यासाठी वेगळा कायदा कशाला? ऐकायला शहाणपणाचे वाटते. टिकत मात्र यातले काहीच नाही.

आधी अडाणीपणाचे बघू. 1692 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रजी वसाहतीत, सेलम इथे, चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. त्यांत 14 बायका. हे काम चवताळलेल्या जमावाचे नव्हते. गव्हर्नरने नेमलेले खास न्यायालय होते, पंच होते, लेखी जबान्या होत्या. पुरावा काय, तर आरोपी बाईची छाया रात्री येऊन आपल्याला चिमटे काढते, असे फिर्यादी मुली सांगत. रिबेका नर्स ही 71 वर्षांची म्हातारी. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवले. मुलींनी आकांत मांडला, न्यायाधीशांनी पंचांना पुन्हा विचार करायला लावला. तिच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचा खुलासा पंचांनी तिला विचारला. तिला नीट ऐकू येत नव्हते; ती गप्प राहिली. ते गप्प राहणेच गुन्ह्याची कबुली धरले गेले आणि 19 जुलैला तिला फासावर चढवले. गंमत अशी (तिला गंमत म्हणावे का, हा प्रश्नच आहे) की ज्या बायांनी आपण चेटकीण असल्याचे कबूल केले आणि ते मागे घेतले नाही, त्यांतल्या एकीलाही फाशी झाली नाही. खरे बोलणाऱ्या मेल्या.

वाचता-लिहिता येत नव्हते म्हणून सेलम घडले, असे कोण म्हणेल?

आता इंग्रजांचे. चेटूक हा खरा गुन्हा मानणारा स्वतःचा कायदा इंग्लंडने 1735 साली मोडीत काढला. वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले 1853 मध्ये, म्हणजे मध्ये जेमतेम 118 वर्षे. पण तेवढ्यात चेटकाची भीती हा काळ्या माणसांचा रोग ठरून गेला होता. वाशिम ज्यात मोडत होते त्या पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर राहिलेले आल्फ्रेड लायल यांनी 1882 च्या ‘एशियाटिक स्टडीज’मध्ये चेटकावर एक अख्खे प्रकरण लिहिले. अभ्यास दांडगा, शंका नाही. आणि चेटकीण म्हणून बाईला मारणे हा इंग्रजी अमलात सरळ खून ठरला, हे श्रेयही इंग्रजांचेच. मात्र ते एकट्या त्यांचे नाही. मेवाडच्या महाराणा स्वरूपसिंहांनी, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून का होईना, त्याच 1853 साली आपल्या राज्यात डाकण-प्रथेवर बंदी घातली.

पण 1860 ची दंडसंहिता जागी व्हायची ती मारहाण झाल्यावर किंवा मुडदा पडल्यावर. त्याआधी गावात काय घडते? म्हैस आटते, पोर तापाने फणफणते, बांधावरून भांडण पेटते. मग भगत कुणाकडे तरी बोट दाखवतो. ते बोट सहसा भरल्या घरातल्या पाटलिणीकडे वळत नाही. वळते एकट्या विधवेकडे, म्हातारीकडे, गावकुसाबाहेरच्या घराकडे. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना भर चौकात खांबांना बांधून मारले, ते करणीच्या संशयावरून. डिसेंबर 2024 च्या अखेरीस, अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, 77 वर्षांच्या एका बाईला पहाटे पकडले. बांधून मारले, चटके दिले, मूत्र पाजले, चपलांचा हार घालून गावातून फिरवले. तक्रारीत खुद्द गावच्या पोलीस पाटलाचे नाव होते. दाद मागायला घरच्यांना अमरावतीच्या पोलीस अधीक्षकांपर्यंत जावे लागले. हा जिल्हा वाशिमला लागूनच आहे.

वेगळ्या कायद्याची गरज इथे दिसते. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, आठवडाभरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. धर्म बुडेल म्हणून ओरडणाऱ्यांनी त्याची अनुसूची एकदा वाचावी. त्यात पूजा नाही, वारी नाही, नवसही नाही. आहे ते असे: अमुक माणूस करणी करतो, मंत्राने जनावराचे दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते, असे भासवून त्याचे जगणे मुश्कील करणे हाच गुन्हा. हात उगारेपर्यंत थांबायचे कारण नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत.

सेलमच्या खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव 2022 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने निर्दोष केले, तेही आठवीच्या शाळकरी मुलांनी पाठपुरावा केल्यावर. तिकडे 329 वर्षे लागली. इकडे कायद्याने दक्षता अधिकाऱ्याची तरतूद केलेली आहे. रिसोड-मानोऱ्याच्या ठाण्यात एखादी म्हातारी ‘मला करणीवाली म्हणतात’ एवढेच सांगत आली, तर अंगावर वळ नाहीत म्हणून तिला परत न पाठवता त्याच दिवशी याच कायद्याखाली गुन्हा नोंदवायला हवा, आणि भगताइतकीच चौकशी त्याच्या बोटामागे उभ्या असलेल्या भाऊबंदांची व्हायला हवी.