दिल्लीत खुर्ची नाही, पण सही आपलीच

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. कोयना-चांदोलीच्या जंगलाचा फैसला केंद्र आणि राज्य मिळून करतात. राष्ट्रीय वन्यजीव मंडळावर पंतप्रधान, मंत्री, खासदार, तज्ज्ञ बसतात. ग्रामसभेला तिथं जागा नाही. मग आम्ही कोण, सांगितलं की उठून जाणारे?

साहेब म्हणतात, सातारा-सांगलीला पेसा नाही. नसू दे! २००६ चा वनहक्क कायदा इथंही लागू आहे. दावा निकाली निघेपर्यंत कुणाला हुसकता येत नाही. वाघासाठी गाव हलवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती लागते.

तेव्हा सभा वाडीतच भरवू. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आलेल्यांत किमान तिसरा हिस्सा बाया. ठराव लिहू, पोच घेऊ. कोऱ्या कागदावर अंगठा देणार नाही!