ग्लोव्ह्जवरचं बलिदान

परवा कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच विषय. २०१९चा वर्ल्ड कप, धोनीचे ग्लोव्ह्ज, त्यावरचं 'बलिदान' चिन्ह आणि आयसीसीने ते काढायला लावलं तो सगळा तमाशा. इतकी वर्षं झाली तरी आमची मंडळी त्यावर पेटून उठतात. मी सहज विचारलं, हे चिन्ह मिळवलेला एखादा मराठी माणूस सांगा. शांतता. मग एकाला एकदम चहा आठवला.

धोनीबद्दल तक्रार नाहीये. तो टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे आणि ऑगस्ट २०१५मध्ये आग्र्याला विमानातून पाच उड्या मारून पॅराट्रूपर झाला. ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी, दिवाळी संपून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, १७ नोव्हेंबरला कुपवाड्याच्या जंगलात कर्नल संतोष महाडिक गेले. ते मात्र पाठ नाही.

साताऱ्याजवळचं पोगरवाडी हे त्यांचं गाव. शाळा साताऱ्याची सैनिक स्कूल, १९६१ची, देशातली पहिली. १९९८मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाले. ही पलटण मुळात २१ मराठा लाइट इन्फन्ट्री, १९९६मध्ये तिचं रूपांतर झालं. ईशान्य भारतातल्या कामगिरीबद्दल २००३मध्ये सेना मेडल. शेवटी ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते, आणि हाजीनाकाच्या जंगलात अतिरेक्यांचा माग काढताना जवानांच्या बरोबर पुढे होते. चाळिशी गाठली नव्हती. शौर्यचक्र मरणोत्तर मिळालं.

आता बघा, यात सतरा वर्षांची नोकरी आहे. सराव, चुका, बदल्या, हाताखालच्या माणसांची जबाबदारी. आपल्याकडे एखाद्याने सतरा वर्षं एकाच कामात काढली तर त्याला आर्किटेक्ट म्हणतो आणि त्याचं ऐकतो. सैनिकाच्या बाबतीत मात्र आपल्याला शेवटचा दिवस तेवढा पुरतो. तिरंग्यातली पेटी, बॅनर, फॉरवर्ड, संपलं. 'बलिदान' हा शब्द त्यांच्या छातीवर असतो तेव्हा तो त्यांनी स्वतः निवडलेला असतो. आपल्या तोंडी तो आला की त्याचा अर्थ होतो, 'मेला तो, आपल्याला काय विचारायचंय?'

आणि हो, ते युद्ध नव्हतं म्हणे! युद्ध जाहीर नसेल तर बायकोपोरांना काय फरक पडतो? स्वाती महाडिकांनी कुठल्या ग्रुपवर काही फॉरवर्ड केलं नाही. दोन मुलांची आई, चेन्नईच्या अकादमीत तिच्याहून कितीतरी लहान पोरापोरींबरोबर शिकली आणि सप्टेंबर २०१७मध्ये लेफ्टनंट झाली.

मी काही फार वेगळा नव्हतो, उगाच आव आणत नाही. महाडिक गेले तेव्हा मी लातूरला बारावीत होतो. पहाटे पाचला फिजिक्सच्या क्लासला जाताना भरतीसाठी पळणारी पोरं रोज दिसायची. आमच्याच वयाची. आम्ही लातूर पॅटर्नवाले सायकलवरून त्यांच्या शेजारून जायचो आणि त्यांच्याशी कधी बोललो नाही. पुढच्या वर्षी नांदेडला इंजिनिअरिंगला. नोटबंदी, एटीएमची रांग, कोणी कुरकुरलं की ठरलेलं वाक्य: तिकडे सीमेवर जवान उभे आहेत! त्याच दिवसांत, २९ नोव्हेंबर २०१६ला, नगरोट्याच्या हल्ल्यात सात सैनिक गेले. त्यांतले लान्स नाईक संभाजी कदम लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे, म्हणजे नांदेडहून एसटीने तासाभरावरचे. ते वाक्य त्यानंतरही रांगेत चालूच होतं. मीही म्हटलंय.

आता माझा मावसभाऊ अग्निवीर आहे. अहमदपूरजवळच्या गावातला, त्याच पळणाऱ्या पोरांपैकी एक. चार वर्षांची नोकरी, मग शंभरातले फार तर पंचवीस ठेवणार. कर्नल महाडिकांची सतरा वर्षं त्याला मिळतील का, ते त्यालाही माहीत नाही.

मे २०२५. शनिवार, १० तारीख. संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सुतक पसरलं. "अजून दोन दिवस हवे होते यार", "एवढ्यात कशाला थांबले?", रागाच्या इमोजी. तेवढ्यात मावशीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"थांबलं का रे बाबा खरंच? टीव्हीवाले खोटं तर सांगंना गेलेत ना?"

मी म्हटलं, थांबलंय मावशी. ती परत म्हणाली, "नीट बघून सांग."