क्षमा मनात, अर्ज न्यायाधिकरणात



आष्टी-आल्लापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, हे आपण मुलचेऱ्याच्या बायका रोज पाहतो. गेल्या वर्षी एका मालवाहू गाडीने माझ्या जाऊबाईंना उडवलं. उजवं मनगट मोडलं. मालक दहा हजार घेऊन दारात आला. घरातली मोठी माणसं म्हणाली, "कर्माचा उदय. क्षमा करा, कोर्टाची पायरी नको." समजुतीच्या कागदावर सही झाली.

मला ते आजही पटत नाही. क्षमा म्हणजे मनात वैर न ठेवणं. ड्रायव्हरला माफ करावंच. पण भरपाई देण्यासाठीच तर गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. उपचाराचा खर्च मागण्यात लोभ कसला?

वर प्रश्न, "ती कुठे कमावते?" पाणी गाळणं, धान्य निवडणं, सूर्यास्ताआधी सगळ्यांची ताटं, तीन महिने हे कोणी केलं, मला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 आणि 2021 मध्ये रस्ता अपघातांच्याच खटल्यांत गृहिणीच्या कामाचं मोल पैशांत धरलं. आपल्याच घरात ते शून्य?

म्हणून सांगते: आधी दवाखाना, लगेच पोलिसांत नोंद. बिलं, एक्स-रे जपा. 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, रेंगाळू नका. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाखांची तरतूद आहे.

पर्युषणात क्षमा मागू, क्षमा करू. पण बाईचा हक्क सोडून देणं म्हणजे धर्म नव्हे.