टाळी कोणाच्या मालकीची?

परभणी जिल्ह्यातील एखादे कुटुंब दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेचे चित्रीकरण पाहावयास मुंबईस जाते, तेव्हा देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून ते स्टुडिओत दिवस काढते. प्रवेशास पैसे पडत नाहीत. कुटुंबास हे औदार्य वाटते. वस्तुतः तेथे ते श्रोता म्हणून नव्हे, तर सामग्री म्हणून आलेले असते.

अशा चित्रीकरणाची रीत ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावे लागत नाही. गाणे सुरू होण्यापूर्वीच टाळ्यांचे चित्रीकरण उरकून घेतले जाते. कॅमेऱ्यामागील साहाय्यक हात वर करतो, सभागृह कडाडते. तो हात खाली करतो, सभागृह शांत होते. गहिवरलेला चेहरा एका वेळी टिपलेला असतो आणि जोडला जातो भलत्याच गाण्याला. खुर्च्या रिकाम्या राहू नयेत म्हणून रोजंदारीवर प्रेक्षक पुरविणारे मध्यस्थही या धंद्यात आहेत. परभणीहून आलेला रसिक आणि रोजावर आलेला मजूर शेजारी शेजारी बसून एकच काम करीत असतात. फरक इतकाच की, मजुराला त्याचा मोबदला मिळतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरागृहांत भाडोत्री टाळीवाले असत. आपल्याकडेही सभेला ट्रक भरून माणसे नेण्याची प्रथा राजकारणाने केव्हाच रूढ केली आहे, तेव्हा या बाबतीत कार्यकर्त्यांनी केवळ वाहिन्यांकडे बोट दाखवून भागणार नाही.

परंतु दूरचित्रवाणीने यापुढचे पाऊल टाकले. तिने टाळी विकत घेतली आणि मत विकावयास काढले. २००८-०९च्या ‘सा रे ग म प’ लिटिल चॅम्प्समध्ये लातूरचा रोहित राऊत अंतिम पाचांत पोचला, तेव्हा मराठवाड्याला वाटलेला अभिमान खराच होता. पण तो व्यक्त करण्याची वाट भ्रमणध्वनीच्या सशुल्क लघुसंदेशातून जात होती. या व्यवहाराचा आकार कळावा म्हणून दुसऱ्या एका कार्यक्रमाचा हिशेब पाहावा. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २००७च्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांच्या स्पर्धेसाठी सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले, दर २ रुपये ४० पैसे, एकूण १३ कोटी ९२ लाख रुपये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली यास अनुचित व्यापारी प्रथा ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो निर्णय रद्द केला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. अर्थशास्त्राचा मात्र शिल्लक राहतो: ज्याच्याजवळ पैसे अधिक त्याची मते अधिक, अशा निवडीला ‘जनतेचा कौल’ कसे म्हणावयाचे?

परभणीच्या श्रोत्याला हा प्रश्न नवखा नाही, कारण त्याने वेगळी बैठक पाहिलेली आहे. राजारामबापू कदमांनी गोंधळाची जी परंपरा या जिल्ह्यात नावारूपाला आणली, तिच्यात संबळ वाजू लागल्यावर श्रोत्याला हात वर करून कोणी सूचना देत नसे. आख्यान रंगले तर लोक पहाटेपर्यंत बसत. नाही रंगले तर सरळ उठून जात. उठून जाण्याचा हा अधिकार स्टुडिओत नाही. दरवाजा बंद असतो, आणि ‘सातत्य’ बिघडते म्हणून जागा बदलण्याचीही मनाई असते.

यावर, ‘खाजगी वाहिनी धंदाच करणार’ असे उत्तर मिळते. ते मान्य करावे. मग सार्वजनिक माध्यमाचे काय? निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफल भरवून ती ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत आकाशवाणीने १९५४पासूनच्या संगीत संमेलनांतून रुजविली. परभणीला आकाशवाणीचे केंद्र आहे, जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे. पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे १९९६ साली जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यासाठी गाणाऱ्या बायांना मुंबईस जावे लागले नाही, संशोधकच यंत्र घेऊन गावी आले. प्रसार भारतीने गंगाखेड, सेलू, जिंतूर, पाथरी येथे वर्षातून प्रत्येकी एक जाहीर ध्वनिमुद्रण करावे, प्रवेश मुक्त ठेवावा आणि दरवाजा उघडा ठेवावा, ही मागणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी लेखी करावयास हवी. सोयीचा काळ सुगी आटोपल्यानंतरचा. निवेदन त्यापूर्वी पोचले पाहिजे.