जुनी होडी, जुने यंत्र

नया बाजारात बसून आम्ही समुद्राच्या गोष्टी कराव्यात, याचे वाचकांस नवल वाटेल. आमचे मोठे पाणी म्हणजे तिघऱ्याचा जलाशय! परंतु आमची हयात पंपांच्या दुरुस्तीत गेली. म्हणून मालवणच्या भाच्याने जुन्या होडीसाठी वापरलेले आउटबोर्ड यंत्र घेण्याविषयी सल्ला विचारला.

आम्ही कळविले, विकणाऱ्याकडे न सांगता जा आणि यंत्रास प्रथम हात लावून पाहा. ते कोमट लागले, तर तू येण्यापूर्वीच चालवून ठेवले आहे असे समज. थंड यंत्राचा हट्ट तापल्यावर दिसत नाही. गिअरचे तेल दुधाळ निघाले, तर आत पाणी शिरले आहे. पिंपातील पाण्यात बुडवून यंत्र चालव. थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड पडली पाहिजे, कारण खाऱ्या पाण्याने आतील वाटा बुजतात. दांडा १५ इंची हवा की २० इंची, हे होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरते. आणि यंत्राचा सारा भार जिच्यावर, ती फळीही टोच्याने टोचून पाहा.

भाच्याचे उत्तर आले. टोच्या दोन बोटे आत गेला. यंत्रासाठी साठविलेले पैसे तूर्त सुतारास द्यावयाचे ठरले आहे. पत्राच्या कडेला ताईचे अक्षर होते : "होडीवर तिघे असतात रे."