एक्सप्लेनर : बॉक्सरच्या ताटात काय हवे? रविवारचे अर्धा किलो मटण की रोजचे पाव किलो चिकन?

नांदेडहून धर्माबाद, बासरमार्गे रेल्वेने पुढे गेले की निजामाबाद लागते. २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलो गटात आणि २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलो गटात जगज्जेती ठरलेली निखत झरीन याच शहरातली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५२ किलोचा गटच नव्हता, म्हणून तिला ५० किलोत उतरावे लागले. ताकद तेवढीच ठेवायची आणि वजन मात्र दोन किलोने कमी, हे गणित रिंगमध्ये नव्हे, ताटात सुटते.

नांदेड-लातूरमध्ये हेच गणित चुकते. आपल्याकडे खुराक म्हटले की कुस्तीचा आखाडा आठवतो. लातूर जिल्ह्याने रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार दिले, त्यामुळे दूध, तूप, बदाम आणि रविवारी भरपेट मटण हा पैलवानी खुराक बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालणाऱ्या पोरांनाही सांगितला जातो. पण ५४ किलोच्या बॉक्सरला तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या पळत खेळायच्या असतात आणि लढतीच्या दिवशी सकाळी वजनकाट्यावरही उभे राहायचे असते. त्याचा खुराक वेगळाच असायला हवा.

प्रथिने नेमकी किती लागतात?

सामान्य माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. कसून सराव करणाऱ्या खेळाडूसाठी क्रीडा पोषणशास्त्रात १.२ ते २ ग्रॅम हा आकडा धरतात. मध्यावरचा १.६ घेतला तर ५४ किलोच्या बॉक्सरला रोज ८६ ग्रॅम लागतील.

आता बेरीज करू. तीन अंडी १८ ग्रॅम, ग्लासभर दूध ८, वाटीभर तुरीचे वरण ७, ज्वारीच्या तीन भाकरी साधारण १८. झाले ५१. उरलेले ३५ ग्रॅम दीडशे ग्रॅम निव्वळ चिकनमधून जवळपास भरून निघतात. हाडासकट घेतले तर पाव किलो.

म्हणजे मांस फार लागत नाही, पण रोज लागते. चरबी साठते तशी प्रथिने शरीरात साठवून ठेवता येत नाहीत. रविवारी अर्धा किलो खाऊन सोमवार ते शनिवारची भरपाई होत नाही. आणि भाकरी-भात सोडायचा नाही. ठोसे मारायला लागणारे इंधन पिठातून येते, मांसातून झीज भरून निघते.

मग मटण बंद?

अजिबात नाही. उस्मानाबादी शेळी ही आपल्या भागाची जात आणि बोकडाचे मांस मुळात फारसे चरबीचे नसते. या जनावराची बरीचशी चरबी पोटात, आतड्या-मूत्रपिंडाभोवती साठते. खाटकाला मांडीचे मांस मागितले आणि वरची चरबी काढायला सांगितली की काम झाले. १०० ग्रॅम कच्च्या मटणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, चिकनमध्येही जवळपास तेवढीच. भाव मात्र साधारण तिप्पट. मटणात लोह आणि जस्त चिकनपेक्षा जास्त, म्हणून आठवड्यातून एकदा ते खाण्यात अर्थ आहे.

खरी अडचण रश्श्याची आहे. कंदुरीच्या पंगतीत रस्सा भरपूर आणि फोडी मोजून पडतात. वरची तर्री म्हणजे तेल. चमचाभर तेलात साधारण ४५ कॅलरी असतात, आणि वाटीभर तर्रीदार रश्श्यात असे किती चमचे जातात ते घरच्या घरी मोजून बघा. काळा मसाला ठेवा, तेल कमी करा, फोडी वाढवा.

स्वस्त आणि कामाचे काय?

कलेजी. चिकनच्या १०० ग्रॅम कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते, छातीच्या मांसात अर्धा मिलिग्रॅमही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी असेल तर तिसऱ्या फेरीत दम लागणारच. मुलींसाठी तर आठवड्यातून एकदा कलेजी हवीच. रोज मात्र नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, भाकरी-भाजीतले लोह त्यामुळे अंगी कमी लागते.

मासे. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. रोहू, कटला, मरळ यांतही चांगली प्रथिने मिळतात आणि पचायला ते हलके. तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर भाजून घ्या.

म्हशीचे मांस. राज्यात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीचे मांस त्यात येत नाही. ज्यांच्या घरात ते खाल्ले जाते त्यांच्यासाठी ते कमी चरबीचे, भरपूर प्रथिनांचे आणि मटणाहून खूप स्वस्त आहे. प्रशिक्षकाने आहार सांगताना त्यावर नाक मुरडू नये. कलेजी, वजडी यांना ‘हलके’ समजण्यामागे पोषणाचे नव्हे, जातीचे कारण आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली आहे, ती क्रीडा शिक्षकांनी जरूर वाचावी.

पाया सूपबद्दल मात्र गैरसमज आहे. त्यातले प्रथिन बहुतांश जिलेटिन असते, स्नायू बांधायला ते अपुरे. चवीसाठी प्या, खुराक म्हणून नको.

कच्ची अंडी आणि पावडरचा डबा

१९७६ च्या ‘रॉकी’मध्ये नायक कच्ची अंडी ग्लासात फोडून पितो. ते अजून जिममध्ये चालू आहे. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिने अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. शिवाय पोट बिघडण्याचा धोका वेगळाच. अंडी उकडूनच खा.

पावडरच्या डब्याचा धोका त्याहून मोठा. २०२३ मध्ये भारतात घेतलेल्या ५,६०६ उत्तेजक चाचण्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले. भेसळीच्या सप्लिमेंटमुळे बंदी आली तर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. खात्रीच्या दुकानातले ताजे चिकन त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

वजनाच्या आदल्या दिवशी

खारट रस्सा, सुकट, पापड, लोणचे टाळा. मीठ अंगात पाणी धरून ठेवते आणि काटा वर जातो. मटणाऐवजी चिकन किंवा मासा, तोही लढतीच्या तीन-चार तास आधी. पाणी तोडून, उपाशी राहून वजन उतरवणे हा मार्ग नव्हे. वजन काही आठवडे आधीपासून, तेल-साखर कमी करूनच उतरवायला हवे.

खर्च कोणी करायचा?

चिकन २४० रुपये किलो आणि अंडे ७ रुपये धरले तर पाव किलो चिकन आणि तीन अंड्यांचे रोजचे ८१ रुपये होतात, महिन्याचे सुमारे २,४००. रोजगार हमीची राज्यातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मजुराने दिवसाच्या कमाईचा चौथा हिस्सा एकाच मुलाच्या प्रथिनांवर खर्च करायचा. ‘खुराक वाढव’ असे त्या मुलाला सांगणे सोपे आहे.

राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून पैसे उभे करायला सांगितले. ज्या गावांत २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ रुपये होती, तिथे ही वर्गणी कोण देणार?

मॅट, ग्लोव्ह्ज आणि रिंगची उद्घाटने होत राहतील. पण जिल्हा क्रीडा कार्यालयांना खरेच बॉक्सर घडवायचे असतील तर सराव करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीमागे रोजच्या ८१ रुपयांची तरतूद आधी करावी आणि शाळेतले अंडे सरकारने परत आणावे. निजामाबाद फार लांब नाही. लांब आहे ते रोजचे पाव किलो चिकन.